पाठीवरचा चहाचा डाग

मित्रांनो, माझ्या पाठीवर चहाच्या पेल्याचा एक गोल डाग आहे. तो पुसला जात नाही आणि पुसला जाऊही नये, असे मला मनापासून वाटते. मी लिहायचे जुने पॅड आहे. दाबलेल्या लाकडी भुशाची एक फळी आणि वर पोलादी चिमटा, एवढाच काय तो माझा देह. पण हा डाग मी पदकासारखा मिरवते. का, ते ऐका.

दुकानातून मला ज्यांनी घेतले, ते कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात फाटकावर हजेरी घेत. दुसऱ्या कुणी मला उचलून नेऊ नये म्हणून त्यांनी माझ्या चिमट्यावर लाल रंगाचा ठसठशीत ठिपका दिला. बावीस वर्षे मी त्यांच्या हातात होते. सकाळी आठच्या भोंग्यानंतर जो येईल, त्याचे नाव माझ्यावरच्या कागदावर चढे. मला पाहिले की धावत येणाऱ्या बायका चपापत, पदर सावरत, मान खाली घालत. मला वाटे, काय हा आपला मान!

मग माझे मालक निवृत्त झाले आणि मी कपाटावर गेले. वर रद्दी, खाली धूळ. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या वाट्याला हे आले.

मला खाली काढले ते त्यांच्या मुलीने. तिला घरात सगळे 'चौकशी' म्हणत. लहानपणी पाहुण्यांच्या हातात पाण्याचा पेला देण्याआधीच ती विचारी, "तुम्ही चालत का आलात?" शाळा संपल्यावर तिला समाजशास्त्र शिकायचे होते. माणसे एकत्र राहतात तेव्हा कुणाच्या वाट्याला काय येते आणि ते तसे का, हे शोधणारा हा विषय. ज्या महाविद्यालयात तिला जायचे होते तिथे मोजक्याच जागा होत्या. आपल्या आसपासचा एखादा प्रश्न स्वतः तपासून, त्याचे टिपण घेऊन मुलाखतीला यावे, अशी त्यांची अट होती.

"शिकायच्या आधीच अभ्यास?" बाबा म्हणाले. "हे म्हणजे पोहता यायच्या आधी विहिरीत उडी!"

"उडी मारल्याशिवाय पोहता येतं का, बाबा?"

चौकशीने प्रश्न निवडला : गल्लीतल्या मोफत दवाखान्याची वेळ लोकांना सोयीची आहे का? नऊ दिवस ती मला छातीशी धरून दवाखान्याच्या दारात उभी राहिली. बासष्ट जणांना तिने विचारले. साठ जण "हो" म्हणाले. तिने सुंदर तक्ता काढला, रंग भरले आणि घरी सगळ्यांना दाखवला.

तिची आत्या त्याच कारखान्यात शिवणाला होती. तक्ता पाहून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"अगं, जेवून ढेकर देणाऱ्यांना विचारतेस, जेवण मिळालं का? उपाशी माणूस तिथे दिसेल कुठून?"

चौकशीचा चेहरा उतरला. जे दवाखान्यात येऊ शकत होते, त्यांनाच तिने विचारले होते. जे येऊच शकत नव्हते, ते तक्त्यात नव्हतेच. आणि मुलाखत आठ दिवसांवर आली होती.

"आता आहे तेच दे," बाबा म्हणाले. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," चौकशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती आत्याबरोबर कारखान्याच्या मागच्या अंगणात गेली. मी हातात होतेच. पण काहीही विचारले तरी उत्तर ठरलेले. "बरं आहे." "काही त्रास नाही." शेवटी काजे-बटणे करणाऱ्या मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"हे फाटकावरचंच पॅड ना गं? हा लाल ठिपका विसरेन होय! दोन मिनिटं उशीर झाला की माझं नाव यावर चढायचं."

मित्रांनो, त्या क्षणी मला कळले. बावीस वर्षे मी ज्याला मान समजत होते, ती भीती होती.

चौकशी कानापर्यंत लाल झाली. तिने पेन पिशवीत टाकले आणि मला जमिनीवर पालथे ठेवले. "आज काही लिहीत नाही, मावशी. नुसती बसते."

आत्याने चहा दिला. मावशींना पेला ठेवायला जागा मिळेना, म्हणून त्यांनी तो माझ्याच पाठीवर ठेवला. चांगलाच गरम होता!

तीन दिवस मी तसेच पालथे पडून होते. पहिल्या दिवशी मुलांच्या खोड्या निघाल्या, मग मुकादमाच्या मिशांवर हशा झाला. तिसऱ्या दिवशी मावशींनी आपले बोट पुढे केले.

"सुई आरपार गेली होती. दवाखाना नऊला उघडतो, आम्ही आठला आत. तो चारला बंद, आम्ही सहाला बाहेर. चिंधी बांधली आणि अंगावर काढलं."

"मी ताप काढला अंगावर," दुसरी म्हणाली.

"मी तर अख्खं बाळंतपण अंगावर काढलं असतं, सासू आडवी आली म्हणून राहिलं!" तिसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मग मावशींनी माझ्या पाठीवरचा पेला उचलला. "घे ते पॅड. पण नाव घालू नकोस."

"नाही घालणार. आणि लिहिलेलं वाचून दाखवीन."

"मग लिही."

मुलाखतीत प्राध्यापिकाबाईंनी टिपण चाळले. पहिल्याच पानावर तो रंगीत तक्ता होता, त्यावर मोठी फुली मारलेली. "हे पान काढून का नाही टाकलं?"

"ती माझी चूक आहे, बाई. ती काढली, तर मी काय शिकले ते कसं दिसेल?"

 बाईंनी मला हातात घेतले आणि उलटून पाहिले. "आणि हा डाग?"

चौकशीने त्याचीही गोष्ट सांगितली. तिला प्रवेश मिळाला.

पण माझा सर्वांत अभिमानाचा दिवस त्यानंतर आला. दवाखाना आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळी उघडा ठेवावा, असा अर्ज बायकांनी लिहवून घेतला. तो माझ्या चिमट्यात होता. एकेकीने मला मांडीवर घेतले आणि स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने, आपले पूर्ण नाव लिहिले. मावशींनी तर दोनदा गिरवले. अंगणाच्या दाराशी उभे राहून बाबा पाहत होते. त्यांच्या ओळखीचीच होती ती सगळी नावे.  माझा चिमटा सैल झाला होता, तो घरी आल्यावर त्यांनी घट्ट करून दिला. दवाखान्याचे उत्तर अजून यायचे आहे. आम्ही वाट पाहतो आहोत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने पॅड असेल, तर त्याला रद्दीखाली टाकू नका. धूळ पुसा, चिमट्याला थेंबभर तेल द्या. आणि कुणाचे दुःख विचारायला जाल तेव्हा आधी पॅड पालथे ठेवा. पाठीवर पेला टेकला तर टेकू द्या. आम्हाला चटका सोसतो.