पाचाच्या स्वयंपाकात नऊ

करुणा साळवेच्या दारातून पाहुणा कधी उपाशी गेला नाही, आणि महिनाअखेरीला तिच्या डब्यांत नेमकं काय उरलेलं असतं हेही कुठल्या पाहुण्याला कधी कळलं नाही. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत तिच्यापेक्षा जास्त कमावणारी घरं पुष्कळ होती. पण जिच्या फोडणीचा वास आला की शेजारणींनी आपल्या भाजीवर झाकण ठेवावं, अशी बाई एकच.

नवरा सुदर्शन शेंद्र्याच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. गेले दोन महिने कंपनीत महिन्यातून पंधराच दिवस काम होतं. घरात खाणारी तोंडं पाच: दोघं नवरा-बायको, दोन लेकरं आणि सासू गीताबाई. पगार निम्मा झाला म्हणून भूक काही निम्मी होत नाही. पण करुणाने कधी रडगाणं गायलं नाही. आठवडी बाजार उठायच्या वेळेला ती पिशवी घेऊन निघायची. त्या वेळी खेड्यातल्या बायांना उरलेला माल परत न्यायचा नसतो. अंबाडी, तांदुळजा, शेपू, जे हिरवं दिसेल ते ती उचलायची, पण जुडी उलटीपालटी करून, देठ मोडून बघून. स्वस्त घ्यायचं, सडकं नाही, हा तिचा कायदा. ज्वारी आणि हुलगे, म्हणजे गरिबाघरचे कुळीथ, माहेरून, पाचोडहून यायचे. भाजी लोखंडाच्या कढईत, भाकरी लोखंडाच्या तव्यावर, आणि ताटात रोज जवसाची नाहीतर कारळाची चटणी. मागच्या वर्षी शाळेत रक्ताची तपासणी झाली तेव्हा तिच्या दोन्ही लेकरांच्या अंगात आपापल्या वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जास्त रक्त निघालं. ही बातमी तिने गल्लीत आठ दिवस पुरवून पुरवून सांगितली. नम्रता हा गुण तिच्यात जरा कमीच होता आणि तिला त्याची खंतही नव्हती.

"पोट पैशानं भरतं," ती म्हणायची, "पण जीभ अकलेनं भरते. अन् अक्कल काय उसनी मिळत नाय."

तर अशा घरात वर्षावासाच्या दिवसांत एक गोष्ट घडली. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू विहारात मुक्कामाला असतात आणि वस्तीतली घरं आळीपाळीने त्यांना भोजनदान देतात. गीताबाई एका रविवारी वंदनेला गेल्या आणि कुणाला न विचारता आपल्या घराचं नाव लिहून आल्या. पाच भंतेजी, पुढच्या रविवारी. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच भिक्खू संघाला आपल्या दारी बोलावलं होतं. तरुणपणी लोकांच्या शेतात खपल्या, नवरा पुंजाराम लवकर गेला, दोन पोरं वाढवली. दान द्यायची हौस मात्र मनातच राहिली होती.

सुदर्शन म्हणाला, "आई, निदान काम तरी पुरतं चालू होऊ द्यायचं होतं."

करुणा म्हणाली, "आपण जेवतो ना रोज? मग त्या दिवशी आधी ते जेवतील."

गोष्ट इथेच मिटली असती. पण त्याच संध्याकाळी थोरल्या जावेचा फोन आला. संध्या आणि तिचा नवरा राजेंद्र बीड बायपासला फ्लॅटमध्ये राहायचे. राजेंद्र बँकेत होता. संध्या मनाने वाईट नव्हती, पण चारचौघांत आपलं कसं दिसेल, याची काळजी तिच्या जिवाला सारखी लागलेली असायची.

"करुणा, मी काय म्हणते, केटरर सांगू. पैसे आम्ही देतो. आमच्या सोसायटीतल्या बाईंनी परवा भोजनदान दिलं, पनीर होतं, गुलाबजाम होते. तू काय वाढणार?"

"रश्श्यातले शेंगोळे, ताई. अंबाडीची भाजी, भाकरी, जवसाची चटणी अन् गव्हाची खीर."

मग संध्या म्हणाली, "अगं, हुलग्याचे शेंगोळे? विहारात सगळे आपल्याला ओळखतात. साळव्यांनी भंतेजींना हुलगे घातले म्हणतील!"

"पैसा तुमचा, स्वयंपाक केटररचा," करुणा म्हणाली, "मग दान आमचं कसं व्हायचं, ताई?"

फोन ठेवला खरा, पण बोल मनात रुतलाच. त्याहून जास्त रुतलं ते गीताबाईंचं बोलणं. म्हातारी भिंतीला टेकून हळूच म्हणाली, "थोरलीचं ऐकावं का गं? नाव तर माझं खाली जाईल."

करुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आत्याबाई, पंधरा वर्षं झाली, माझ्या हातचं खाता. कधी ताटावरून अर्धपोटी उठला का?"

"नाय."

"कधी बेचव लागलं?"

"नाय बाई, नाय."

"मग भंतेजींच्या पुढं ते ठेवायला मला लाज कशाची?"

गीताबाईंनी मात्र होकार दिला नाही. आठवडाभर करुणा ते मनात घेऊन फिरली. या घरातून जाईल ते दान आपल्या चुलीचं असलं पाहिजे आणि त्याला कुणी नाव ठेवता कामा नये, एवढंच तिला हवं होतं. त्यात आणखी एक अडचण होती. भंतेजी जेवणाला नावं ठेवत नाहीत, तसं वाखाणतही नाहीत. समोर येईल ते गुमान जेवतात. जिला दोन घासांमागे एक शाबासकी लागते, तिच्यासाठी हा मोठाच उपास होता.

रविवार उजाडला. साडेदहापर्यंत सगळं तयार होतं. बाहेरच्या खोलीतली खाट गल्लीत काढली होती, भिंतीकडेने पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. खिरीत गहू मऊ शिजून गुळात मुरले होते. राजेंद्र आणि संध्याही आले. संध्याने झाकण उचलून खीर पाहिली आणि झाकण परत ठेवलं.

अकराला विहाराची गाडी आली. सुदर्शन हात जोडून पुढे झाला आणि तसाच थबकला. गाडीतून पाच भिक्खू उतरले, मग आणखी एक, मग आणखी तीन.

विहाराची वही सांभाळणारे अप्पाराव ओशाळून म्हणाले, "नांदेडचे चार भंतेजी निकडीच्या कामानं काल मुक्कामी आले. त्यांना मागं कसं ठेवायचं? तुम्हाला फोन लावत होतो, लागलाच नाही."

नऊ भंतेजी. स्वयंपाक पाच जणांचा, आणि वर घरच्यांपुरतं थोडंसं. आत स्वयंपाकघरात संध्याने करुणाचा दंड धरला.

"घाबरू नको. रागावू नको, पण मी पनीर अन् पुलाव सांगून ठेवलाय. पंधरा जणांचा. येईल."

"किती वाजता?"

"साडेबाराला सांगितलं. जेवायच्या वेळेला."

गीताबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं माझे बाई! भंतेजी बारानंतर शिताला तरी शिवतात का?"

संध्याने जीभ चावली. लहानपणापासून विहारात जाणारी बाई, पण फ्लॅटमधलं घड्याळ दुपारच्या जेवणाला एक दाखवायचं आणि तेच तिच्या डोक्यात बसलं होतं. तिने घाईने फोन केला. गाडी आता कुठे निघणार होती. त्यात रविवारची जालना रोडवरची गर्दी.

करुणाची नजर पिठाच्या डब्याकडे गेली, आणि तिला जरा हसूच आलं. पाचाच्या स्वयंपाकात नऊ बसवायचे, म्हणजे नवीन काय होतं? दोन महिने ती दुसरं करत काय होती? पंधरा दिवसांचं तीस दिवस पुरवणाऱ्या बाईला चार भिक्खू जड व्हावेत?

"आधी भंतेजींचा परित्राण पाठ होईल, त्याला वीस मिनिटं लागतील," ती म्हणाली. "तेवढी पुरेत. आशाबाई!"

भिंतीपलीकडची आशाबाई हाक यायचीच वाट बघत असावी. भाकरीच्या पिठाची परात तिच्याकडे गेली, तिच्याकडून पलीकडच्या घरी, आणि बघता बघता तीन घरांत तीन तवे तापले. करुणाने उरलेल्या हुलग्याच्या पिठात दोन मुठी ज्वारीचं पीठ घातलं, लसूण-मिरची ठेचून कालवली आणि शेंगोळ्यांचा गोळा मळला. अंबाडीत ज्वारीच्या शिजलेल्या कण्या ढकलल्या आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी दिली. शेंगोळ्यांच्या रश्श्यात पाणी वाढवलं, पण नुसतं पाणी घालून वाढवणारी ती नव्हे. भाजलेल्या शेंगदाण्यांचं वाटण लावून तिने तो होता त्याहून दाट केला. खीर वाढवता येत नव्हती. तेव्हा घरच्यांची खीर भंतेजींची झाली.

"लेकरांनो, आज आपल्याला खीर नाय," तिने सांगितलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही.

"मी काय करू?" संध्याने विचारलं.

"शेंगोळे वळा, ताई."

संध्याने भारी साडीचा पदर खोचला आणि पाटासमोर बसली. पहिले दोन शेंगोळे पायातल्या जोडव्यांसारखे जाड झाले. तिसऱ्यापासून बोटांना आपोआप आठवू लागलं. तिची आईही पावसाळ्यात हेच करायची. बाहेर त्रिशरण पंचशील झालं, पाठ सुरू झाला, आणि आत रश्श्यात शेंगोळ्यांचे वळसे पडत राहिले.

अकरा पंचवीसला पंगत वाढली. सुदर्शन भाकरी वाढत होता, करुणा शेंगोळे. पुरे झालं की भंतेजी पात्रावर आडवा हात धरतात, एवढीच काय ती त्यांची भाषा. करुणाचं सगळं लक्ष त्या हातांकडे होतं. सगळ्यात थोरले भंतेजी पंच्याहत्तरीचे. तिने पहिल्यांदा वाढलं. दुसऱ्यांदा गेली, हात आडवा आला नाही. तिसऱ्यांदा गेली, तरी नाही. नांदेडच्या एका तरुण भंतेजींनी पात्राची कड बोटाने पुसून घेतली आणि मग भाकरीच्या तुकड्याने बूडही. तोंडातून शब्द कुणाच्याच नाही. पण करुणाला जे बघायचं होतं ते दिसलं. दाराआड उभ्या संध्यालाही दिसलं.

बाराला दहा कमी असताना शेवटचं पात्र रिकामं झालं. रश्श्याच्या पातेल्यात डावभर उरलं होतं. कमी पडलं नाही. करुणाने ओट्याला टेकून एक लांब श्वास सोडला आणि मग घाईने पदर सावरून बाहेर येऊन बसली, कारण धम्मदेसना, भंतेजींचं प्रवचन, सुरू होत होती आणि तिला आशा होती की आता तरी एखादा शब्द निघेल.

थोरले भंतेजी रागावर बोलले. राग कसा येतो, कसा ओळखावा, कसा सोडावा. फार छान बोलले. शेंगोळ्यांवर मात्र एक अक्षर नाही. करुणाला रागावरची देसना ऐकता ऐकताच थोडा राग आला.

मध्येच गल्लीत मोटारसायकल वाजली आणि पनीर-पुलावाचे डबे दारात आले. संध्याने ते मुकाट्याने घेतले आणि बाहेरच्या खाटेखाली सरकवले.

देसना संपली. पुण्यानुमोदनासाठी भंतेजींनी दात्याचं नाव विचारलं. अप्पारावांनी वही उघडली. घरातला थोरला म्हणून राजेंद्र सवयीनेच उठला. लबाडी नव्हती त्यात. लग्नात, मयतीत, सगळीकडे तोच उठायचा.

"लिहा," तो म्हणाला. "राजेंद्र पुंजाराम साळवे आणि परिवार."

करुणाने सुदर्शनकडे पाहिलं. सुदर्शन खाली बघत होता. थोरल्या भावापुढे त्याचा आवाज कधीच निघाला नव्हता. ती स्वतःही बोलू शकत नव्हती. भंतेजींसमोर, भरल्या घरात, आपल्याच नावासाठी भांडायचं कसं?

"थांबा, अप्पाराव," गीताबाई म्हणाल्या.

म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. भंतेजींना हात जोडले.

"भंतेजी, नाव लिहून मी आले होते. म्हणून खरं काय ते मीच सांगते. हे दान माझ्या थोरल्याचं नाय. धाकट्याचंही नाय, अन् माझंही नाय. मी तर आठवडाभर भीत होते, नाव खाली जाईल म्हणून." तिने करुणाकडे बोट केलं. "माझ्या सुनंनं दोन महिने अर्ध्या पगारात आम्हाला राजासारखं जेवू घातलं. आज तुम्हालाही तेच वाढलं. लिहा, करुणा."

अप्पारावांची लेखणी थांबली. वहीत वर ओळीने पुरुषांचीच नावं होती. "बाईंचं एकटीचं नाव लिहू?"

"व्हय. एकटीनंच तर केलंय."

राजेंद्र खाली बसला. बसता बसता म्हणाला, "लिहा ना, अप्पाराव. आई बरोबर बोलते."

थोरल्या भंतेजींनी वही हातात घेतली, चष्मा सरकवला आणि सावकाश, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "उपासिका करुणा सुदर्शन साळवे हिने दिलेल्या या भोजनदानाचं पुण्य..."

पुढचं करुणाला ऐकू आलं नाही. तिने वंदन करायला डोकं जमिनीला टेकवलं आणि ते तसंच राहू दिलं, कारण वर बघितलं असतं तर सगळ्यांनी तिला रडताना पाहिलं असतं. तिच्या डोक्यावरून सगळ्या खोलीचा आवाज गेला, "साधु! साधु! साधु!" त्यात एक आवाज बाकीच्यांपेक्षा मोठा होता. तो संध्याचा होता, आणि तिच्या जोडलेल्या हातांवर हुलग्याचं पीठ वाळलेलं होतं.