कोंडीरामतात्यांचा बहिष्कार

कोंडीरामतात्या एसटीत कंडक्टर होते तेव्हा त्यांच्या आवाजाला अख्खी गाडी वचकून असायची. "पुढं सरका की! मागं काय हंडा पुरलाय का?" असं ते ओरडले की दारात लोंबकळणारा गडीही निमूट आत जायचा. रिटायर झाल्यावर मात्र हा आवाज वापरायचा कुठं, हा मोठाच प्रश्न आला. घरात बायको ऐकायची नाही आणि मुलगा युवराज "व्हय बाबा, व्हय बाबा" म्हणत चपला घालून निघून जायचा. मग कुणीतरी त्यांना गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं आणि तात्यांना पुन्हा गाडी मिळाली.

गाव बेंबळीपासून चार किलोमीटरवर. ग्रुपाचं नाव 'आपली चावडी', माणसं दोनशे अकरा. त्यात बोलणारी दहा आणि बाकीची नुसती अंगठे दाखवणारी. तात्या बोलणाऱ्यांतले, हे काय सांगायला पाहिजे? चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन एका बोटानं ते अक्षर अक्षर ठोकायचे, पण ठोकायचे असं की वाचणाऱ्याच्या कानात आवाज यावा.

त्यांचा राग एकच. सरकारनं माणसं काढली आणि माणसांच्या जागी मोबाइल बसवला. दाखला मोबाइलवर, बिल मोबाइलवर, रेशनला अंगठा, आणि आता पीकपाहणीसुद्धा. पूर्वी कुणाच्या रानात काय पेरलंय ते तलाठी लिहून न्यायचा. आता शेतकऱ्यानंच रानात उभं राहून सरकारी ॲपात पिकाचा फोटो टाकायचा, तेव्हा कुठं ते पीक सातबाऱ्यावर चढणार. "पगार त्यांनी घ्यायचा आन् काम आमी करायचं?" तात्यांनी लिहिलं. "उद्या म्हणतील, ऑपरेशनबी घरीच करा, फोटू तेवढा पाठवा!"

यावर पासष्ट अंगठे आले. आणि एक उत्तर आलं.

"तात्या, माझ्या माहेरी तलाठी आप्पा दहा गावं सांभाळायचे. माझी आई चार-चार हेलपाटे घालायची आन् शेवटी घरात बसूनच कुणीतरी लिवायचं. आमच्या हरभऱ्याच्या जागी ज्वारी लागली होती. आता माझं पीक म्याच लिवते. त्यात वाईट काय?"

हे लिहिणारी सोनाली. तात्यांच्या पुतण्याची, योगीराजची बायको. योगीराज ढोकीला साखर कारखान्यात ट्रॅक्टरवर, आणि ही घरी शिलाई मशीन आणि तीन एकर रान सांभाळायची. आता गंमत बघा. तात्या म्हणजे तिचे चुलत सासरे. गल्लीतनं तात्या येताना दिसले की सोनाली डोक्यावर पदर ओढून भिंतीला चिकटून उभी राहायची आणि ते पार पिंपळापलीकडं जाईस्तोवर हलायची नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, पण दोघांत समोरासमोर एक शब्द झाला नव्हता. चहा द्यायचा तर तोही दाराआडून, बांगड्या वाजवून. आणि तीच पोरगी ग्रुपवर आली की तात्यांची चामडी लोळवायची.

तात्या लिहायचे, "सरकार म्हंजे मायबाप. मायबापानं घरी यायला पायजे." ती लिहायची, "मायबाप किती दिवस घास भरवणार, तात्या? हात दिलेत न्हवं देवानं?" तात्या लिहायचे, "हात सगळ्यास्नी हायत, मोबाइल सगळ्यास्नी हाय का?" हे तिलाही पटायचं. मग लिहायची, "न्हाय. पण ज्याच्याकडं हाय त्यानं दुसऱ्याचं करावं की." असं रोज चालायचं. तात्या वरवर चिडायचे, पण एखाद्या दिवशी तिचं उत्तर आलं नाही तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. कबूल कोण करणार म्हणा!

तर यंदा सोयाबीन कमरेला लागलं आणि तात्यांनी ग्रुपवर फर्मान काढलं. "पीकपाहणीवर बहिष्कार! कुणीबी फोटू टाकायचा न्हाय. तलाठी बांधावर आला पायजे. गाव एक तर सरकार नेक!" एकशे चाळीस अंगठे. कुणी हात जोडले, कुणी झेंडा लावला, सिदू पानवाल्यानं तर फटाक्यांची माळ पाठवली. तात्यांची छाती शर्टाच्या गुंड्या तोडायला निघाली. सोनालीनं एवढंच लिहिलं, "तात्या, नीट इचार करा."

ग्रुपवर नसणाऱ्यांना आपणच सांगितलं पाहिजे म्हणून तात्या स्वतः कस्तुराबाईंच्या दारात गेले. कस्तुराबाई भावकीतल्याच, गावाच्या टोकाला एकट्या राहायच्या. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. दीड एकर रान त्या स्वतःच्या हातानं करायच्या. पेरायला तेवढं कुणी तिफण मारून द्यायचं, पण खुरपण, फवारणी, राखण सगळं बाईचं. त्यांच्याकडं साधा फोन होता, तोही अर्ध्या वेळेला बंद.

त्या दिवशी कस्तुराबाईंनी ट्रंकेतनं एक घडी घातलेला कागद काढून तात्यांना दाखवला. सातबारा होता. पिकाच्या रकान्यात दोन वर्षं एकच शब्द, 'पड'.

"भावजी, म्या दोन वर्सं पेरलंय, काढलंय, डोक्यावरनं वाहून आणलंय. आन् फोटू न्हाय म्हणून कागद म्हणतो रान पडीक हाय," त्या म्हणाल्या. "दिराची पोरं ह्योच कागद घेऊन आली होती. म्हणली, काकू, तुझ्यानं होईना, पडीक ठेवण्यापरीस आमाला दे. म्या काय बोलू? कागदापुढं कोण बोलतंय? यंदा तरी माझं पीक लागू द्या. कुणाचा तरी मोबाइल मिळतोय का बघा."

"वैनी, अजिबात काळजी करू नगा," तात्या म्हणाले. "सगळं गाव थांबलंय. तलाठी बांधावर यायला लागतोय का न्हाय बघा. तुमचं पीक तो सोता लिवून न्हेईल."

"तुमी म्हणता तर थांबते," असं म्हणून कस्तुराबाईंनी कागद पुन्हा ट्रंकेत ठेवला.

दिवस गेले. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. बांधावर कुणी आलं नाही. सकाळी दहाच्या सुमाराला तात्या ओसरीवर बसून शेवटचा दणका द्यायला चष्मा पुसत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. सोनालीचा मेसेज. पण ग्रुपवर नाही, एकट्या तात्यांना. असं आजवर कधी झालं नव्हतं.

एक फोटो होता. ॲपातली गावाची यादी. ज्यांची पाहणी झाली त्यांची नावं हिरवी, राहिली त्यांची काळी. तात्यांनी बोटानं वर सरकवलं. हिरवं. आणखी सरकवलं. हिरवं. फटाक्यांची माळ लावणारा सिदू हिरवा. झेंडेवाले हिरवे. आणि मधोमध, कोंडीराम... हिरवे!

"युवराज!" तात्यांचा जुना आवाज निघाला. गोठ्यात बैल दचकले.

युवराज मान खाली घालून आला. "बाबा, म्या पंधरा दिवस झाले लावून. तुमाला सांगितलं असतं तर तुमी लावू दिलं नसतं."

"आन् बाकीचे?"

"बाकीच्यांनीबी लावलं. सगळ्यांनी अंगठा तुमाला दिला आन् फोटू सरकारला दिला. तुमचा मान मोडायचा न्हाय आन् आपलं पीकबी बुडवायचं न्हाय, गावाला काय, दोन्ही पायजे."

आपल्याच गावात आपलं हसं झालं म्हणून तात्या पेटले. काय काय लिहावं ते त्यांच्या मनात तयारही झालं. तेवढ्यात सोनालीचा दुसरा मेसेज आला.

"तात्या, ही यादी म्या ग्रुपवर टाकलेली न्हाय, टाकणारबी न्हाय. पण काळ्या नावांत एक कस्तुराआत्याबाईंचं हाय. काल त्यांच्याकडं गेले होते मोबाइल घेऊन. त्या म्हणल्या, भावजींनी थांबा म्हणलंय, त्यांच्या शब्दाबाहेर म्या जाणार न्हाय. आज शेवटचा दिवस. तुमी तीस वर्सं गाडीवर होता. घंटी मारायच्या आधी मागं बघायचा न्हवं?"

तात्यांचा राग जागच्या जागी विझला. एवढ्या नोकरीत त्यांनी कुणाला फुकट नेलं नसेल, पण म्हातारं माणूस खाली ठेवून कधी गाडी हलवली नव्हती. बाजाराच्या दिवशी ड्रायव्हर कावायचा, तरी हे पायरीवर उभे राहून मागं बघायचे, शेवटची म्हातारी आत आली की मगच दोरी ओढायचे. आणि आता सगळं गाव गाडीत बसून गेलं होतं, खाली एकटी कस्तुराबाई राहिली होती. तीही त्यांच्याच सांगण्यावरनं. तात्यांना स्वतःची लाज वाटली. अगदी मनापासून वाटली.

त्यांनी चष्मा लावला आणि ग्रुप उघडला. एकेक अक्षर ठोकलं. "बहिष्कार मागं. म्या चुकलो. सरकारनं माणूस पाठवायला पायजे हे माझं म्हणणं कायम हाय, त्यात बदल न्हाय. पण सरकारसंगं भांडताना म्या कस्तुरावैनीला मागं ठेवलं. सोनाली, मोबाइल घेऊन त्यांच्या रानात ये. म्या त्यांना घेऊन येतो."

पाठवलं. अंगठे मोजत न बसता तात्यांनी चपला पायात सरकवल्या. मग सोनालीचं उत्तर, "निघाले."

कस्तुराबाईंचं रान ओढ्यापलीकडं. तात्या आणि कस्तुराबाई पोचले तेव्हा सोनाली बांधावर उभी होती. सवयीनं तिचा हात पदराकडं गेला, पदर डोक्यावर आला, आणि ती एका बाजूला तोंड करून उभी राहिली. तात्याही सवयीनं दुसरीकडं बघू लागले. दोघांच्या मधे कस्तुराबाई.

"आता काय करायचं?" तात्यांनी बाभळीला विचारलं.

"आत्याबाई, तात्यास्नी सांगा, फोटू रानाच्या मधोमध उभं राहून काढायचा असतोय," सोनालीनं ओढ्याला सांगितलं.

"वैनी, तिला म्हणावं, चल मग मधी."

कस्तुराबाई कमरेवर हात ठेवून दोघांकडं बघायला लागल्या. "काय गं बया ह्ये! मोबाइलवर एकमेकांच्या झिंज्या धरता आन् हितं म्या दुभाषी? मुदत संपंल की! बोला सरळ!"

सोनालीला हसू फुटलं. तात्यांनी घसा खाकरला. "बरं. चल पोरी. काय करायचं ते तू सांग. आज गाडी तुझी."

सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, मधनं तुरीच्या हिरव्या ओळी. तण औषधालाही नव्हतं. सोनालीनं ॲप उघडलं, गट नंबर घातला आणि मोबाइल पिकासमोर धरला. तेवढ्यात कस्तुराबाई पिकात शिरल्या, पदरानं तोंड पुसलं, पदर नीट केला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"आत्याबाई, फोटू पिकाचा लागतोय. माणसाचा न्हाय."

"मग पीक काय आपसूक आलं?" कस्तुराबाई म्हणाल्या. "दोन वर्सं त्या कागदात म्या न्हवते आन् पीकबी न्हवतं. आता दोघंबी दिसू दे."

सोनालीनं तात्यांकडं बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, थेट. तात्या डोळे पुसत होते आणि कचरा गेला असं म्हणत होते. "काढ," ते म्हणाले. "सरकारला बघू दे, कुणाचं रान हाय ते."

तिनं एक फोटो तसा काढला आणि दुसरा नुसत्या पिकाचा. रानात रेंज नव्हती. तिघं चढावर आली, वाटेवरच्या लिंबाखाली. सोनालीनं मोबाइल वर धरला. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं. "ह्येच, ह्येच म्हणत होतो म्या!" तात्या पुटपुटले. आणि चाक थांबलं.

"झालं, तात्या!"

"काय लिवलंय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

सोनालीनं मोबाइल तात्यांच्या हातात दिला. "तुमी वाचा. तुमचा आवाज मोठा हाय."

तात्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. आणि मग गाडी धाराशिवच्या स्टँडात शिरताना लावायचे तो आवाज लावला. "कस्तुराबाई! दीड एकर! सोयाबीन! तूर!" आजूबाजूच्या रानांतली खुरपणारी माणसं उभी राहून बघायला लागली.

"पड न्हाय?"

"न्हाय, वैनी. पड न्हाय."

"परत वाचा," कस्तुराबाई म्हणाल्या. तात्यांनी परत वाचलं, आणखी मोठ्यानं.

परतताना वादाला तोंड फुटलंच. तात्या म्हणाले, "बघितलंस? माणूस आला तवाच काम झालं. म्हंजे माझंच खरं." सोनाली म्हणाली, "माणूस आला, पण मोबाइल घेऊन आला, तात्या. म्हंजे माझंबी खरं." तात्या म्हणाले, "पुढच्या साली सरकारनंच गावात असा एक माणूस नेमावा. पगार देऊन." "त्यो अर्ज म्या लिवते," सोनाली म्हणाली. "सही तुमी करा." हे सगळं समोरासमोर, भर रस्त्यात, मोठमोठ्यानं. तिच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं कधी खांद्यावर आला ते तिलाही कळलं नाही आणि तात्यांनाही दिसलं नाही.

ओढा ओलांडल्यावर तात्या एकदम थांबले. हात आडवा करून त्यांनी सोनालीलाही थांबवलं आणि मागं वळून बघितलं. कस्तुराबाई दमानं येत होत्या, वाटेत थांबून आपल्या रानाकडं पुन्हा पुन्हा बघत. दोघं उभी राहिली. त्या जवळ आल्या, दगडावर पाय ठेवून ओढा ओलांडून अलीकडं आल्या, तेव्हा कुठं तात्यांनी हात खाली घेतला.

"हां," ते म्हणाले, "आता चला."