चकाकीखालची धार

या, बसा मित्रांनो. एक घाणेरडी गोष्ट सांगतो, पण पुरती ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

मी एक जुना बफ आहे. बफ म्हणजे कापडाचे थर एकावर एक शिवून केलेलं चाक. हातमशीनवर गरगर फिरायचं आणि पत्र्याला चकाकी आणायची, एवढंच माझं काम. नवा होतो तेव्हा पांढराशुभ्र होतो हो! पॉलिश करणारी मावशी आधी पत्रा खरखरीत काचकागदानं घासायची, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी कडेवरून कापसाचा बोळा फिरवायची. एक तंतू अडकला तरी परत घासायचं. त्यानंतर माझी पाळी. लोक पत्र्यात तोंड बघून म्हणायचे, "काय आरसा केलाय!"

मग कारखान्याच्या मालकाला घाई सुटली. कागदानं घासणं बंद. माझ्या तोंडाला पॉलिशचा मेणचट साबण फासायचा. शी! ओरखड्यांत तो काळा चिकटा भरायचा आणि वरून चकाकी. जळक्या चरबीसारखा वास यायचा. अजून शिसारी येते.

एकदा बागेत बसवायची घसरगुंडी पॉलिशला आली. वरून चकचकीत झाली. मावशीनं बोळा फिरवला, तर कडेला कापसाची दाढीच उगवली.

"मालक, चकाकतंय खरं, पण कापतंय."

मालकानं कापूस उपटून फेकला. "आता कुठंय दाढी? गाडी दारात उभी आहे, मावशी."

"मग तुमच्या नातीला बसवा आधी."

"नातीचं नाव काढू नका!"

"का हो? बाकीची पोरं काय पत्र्याची आहेत?"

तो तोंड फिरवून दात कोरत बसला. किळस आली मला. मावशीनं मशीन चालू केलं आणि मला सरळ त्या धारेवर दाबलं. फर्रर्र! दोन बोटं जाडीचा मी, चिंध्या होऊन मालकाच्या तोंडावर उडालो.

दुसरा बफ कारखान्यात नव्हता. खोटी चकाकी आणणार कशानं? मालकानं शिव्या घालत गाडी परत पाठवली. मावशीनं तीन दिवस घासून ती कड गुळगुळीत केली.

मालक सुधारला का? छे! आता माझ्या उरल्यासुरल्या चिंध्यांनी तो बुटाचा चिखल पुसतो.

पुसू दे. तुम्ही एक करा, मित्रांनो. कुठं घसरगुंडीची कड बोचली, तर मागच्या पोराला थांबवा आणि मोठ्या माणसाला हाताला धरून आणा. तो म्हणाला, "नवीकोरी तर आहे की," तरी त्याचा हात सोडू नका.