तीनदा विचारायचं

"काका, ही आमची. अन् ही वासुदेवरावाच्या घरची," असं म्हणत मारोतरावनं दोन किल्ल्या आनंदरावांच्या खाटेवर ठेवल्या. "दागिन्याचा डबाबी आणून देऊ का जी? तुमच्यापाशी राहिला त बायकोच्या जिवाले घोर नाई."

"डबा नोको. किल्ली ठेव अन् जाय मंडईले."

"बंदूक हाये ना पर घरी?"

"मंग काय ते मंडई पाहाले जाईन का गा?" आनंदराव म्हणाले, आणि मारोतराव हसत हसत गेला.

दिवाळी झाली की या भागात गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, भजी तळली जातात, गोवारी गुराख्यांची ढाल, म्हणजे मोरपिसांनी सजवलेली उंच काठी, वाजतगाजत निघते आणि घरोघरी न बोलावलेले पाहुणे हक्कानं येऊन उतरतात. दुपारनंतर गल्ली अशी रिकामी होते की कुत्रंसुद्धा सापडू नये. चोरांनाही हे कळतंच. गेल्या पंधरवड्यात तुमसरकडच्या एका गावात मंडईच्या दिवशी, भर उन्हात दोन घरं फुटली होती. तेव्हापासून आंधळगावच्या या गल्लीनं ठरवून टाकलं होतं की आपल्या किल्ल्या आनंदराव रामटेक्यांच्या खाटेवर. दुपारी एकपर्यंत सात किल्ल्या जमल्या.

आनंदरावांना याचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. सतरा वर्षं फौजेत, मग बावीस वर्षं तुमसरच्या एका बँकेच्या दारात, खांद्याला स्वतःची परवान्याची दुनळी बंदूक लावून. माणूस आता एकाहत्तर वर्षांचा झाला होता, पण पाठ अजून फौजेतली होती. एवढ्या वर्षांत त्या बंदुकीनं माणसावर तर सोडाच, रानडुकरावरही गोळी झाडली नव्हती. कोणी त्यावरून चिडवलं तर ते म्हणत, "चालली नाई हेच त तिचं काम."

त्यांचे नियम घरात सगळ्यांना पाठ होते. बंदूक लोखंडी कपाटात, कुलुपात. कपाटाची किल्ली त्यांच्या करदोड्याला, अंघोळीलाही सुटायची नाही. काडतुसं वेगळी, खाटेखालच्या ट्रंकेत. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायला रांगेत पहिले आनंदराव. आणि सगळ्यात मोठा नियम फौजेतला. पहाऱ्यावरच्या माणसानं आधी विचारायचं: थम, कौन आता है? एकदा नाही, तीनदा. त्यावर त्यांनी आपली एक भर घातली होती. तोंड दिसल्याशिवाय बोट घोड्यावर न्यायचं नाही.

ही आरोळी ते सवयीनं सगळ्यांनाच ठोकत. दूधवाल्याला, मांजरीला, शाळेतून येणाऱ्या नातीला. गुड्डी मग दारात कडक सलाम करून ओरडायची, "दोस्त!" आणि दोघंही हसायचे.

घरात कुरबूर एकच होती. मुलगा अश्विन नागपूरला नोकरीला. बायको-मुलगी इथं गावी आणि तो शनिवारी येणारा. येईल तेव्हा म्हणायचा, "बाबा, आता सोडा ते बंदुकीचं. वय झालं." यंदा परवान्याचं नूतनीकरण होतं. आनंदराव भंडाऱ्याला जाऊन डॉक्टरी दाखला घेऊन आले होते. डॉक्टरनं डोळे पाहिले, हात सरळ धरायला लावले, रक्तदाब पाहिला. "आणखी काही तक्रार?" असं विचारलं तेव्हा आनंदराव "काई नाई जी" म्हणाले. कानांचं त्यांनी सांगितलं नाही; माणूस समोर असला की ओठांवरून भागून जात होतं. ते त्यांनी स्वतःच्या मनाशीही कबूल केलं नव्हतं. लायसन गेलं तर आपण कोण उरलो, एक पेन्शन खाणारा म्हातारा, एवढंच त्यांच्या मनात यायचं.

दीडच्या सुमाराला लीलाबाई नवं लुगडं नेसून, सुनेला आणि गुड्डीला घेऊन निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "ढाल निघाली वाटते. ढोल आयकू येऊन राहिला का जी?"

आनंदरावांनी गुड्डीच्या पायांकडे पाहिलं. पोरीचे पाय ठेक्यावर हलत होते. "येऊन राहिला ना," ते म्हणाले. "जोरात वाजवून राहिले यंदा."

लीलाबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग "कडी लावून घ्या" असं मोठ्यानं म्हणून गेल्या.

आनंदरावांनी समोरच्या दाराला आतून कडी घातली, मागचं सांदवाडीत, म्हणजे परसात उघडणारं दार लावलेलं आहे हे हात लावून पाहिलं, आणि समोरच्या खोलीत खाटेवर भिंतीला टेकून बसले. सात किल्ल्या मांडीशी. डोळा लागला नाही असं ते नंतर म्हणायचे. थोडा लागला असणार.

डोळे उघडले तेव्हा त्यांना मधल्या खोलीत ऊन दिसलं.

मधल्या खोलीत दुपारी ऊन येत नाही. मागचं दार उघडलं तरच येतं. जमिनीवर उन्हाचा एक लांब पट्टा पडला होता आणि त्यातून एक सावली हळूच आडवी गेली. सावलीच्या हातात काहीतरी लांब होतं.

आनंदराव आवाज न करता उठले. करदोड्याची किल्ली, कपाट, बंदूक. ट्रंक, दोन काडतुसं. बँक सोडल्यापासून अकरा वर्षांत त्यांनी घरात बंदूक भरली नव्हती. आज भरली. सात घरांची राखण होती आणि घरात कोणीतरी शिरलं होतं. मधल्या दाराच्या बाजूला भिंतीशी अंग चोरून ते उभे राहिले, नळी जमिनीकडे, बोट बाहेर.

"थम! कौन आता है?"

काही नाही.

आत अंधारात धानाच्या कोठीशी कोणीतरी वाकलेलं होतं. डोक्यावरून कापड घेतलेलं. पोरटोर नव्हतं, मोठं माणूस होतं.

"थम! कौन आता है?"

उत्तर नाही. ते माणूस सरळ झालं आणि त्यांच्याच दिशेनं येऊ लागलं. हातातलं लांब ते तसंच.

आनंदरावांनी नळी वर घेतली. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा त्यांचा आवाज फाटला. "थम! कौन आता है! बोल, नाही त..."

तीनदा झालं. फौजेच्या हिशेबानं आता पुढचं मोकळं होतं. बाहेरचं ऊन कपाळावर आल्यासारखं त्यांचं डोकं तापलं. माणूस आणखी दोन पावलं पुढं आलं. आनंदरावांचं बोट घोड्याभोवतीच्या कड्याला लागलं, तिथंच अडलं, आणि ते स्वतःला बजावत राहिले, तोंड पाह्य, आधी तोंड पाह्य.

मग ते माणूस उन्हाच्या पट्ट्यात आलं. पांढरे केस, कपाळावरचं हिरवं गोंदण, आणि तोंड सारखं हलत असलेलं. म्हणजे ते केव्हाचं बोलत होतं.

"...दोस्त मनलं ना गा! दोस्त, दोस्त! तीनडाव सांगतलं, मी होय, रुखमा!" आणि ती हसत होती. त्यांची थोरली बहीण, करडी गावी दिलेली, त्यांना कडेवर खेळवणारी बाई, बंदुकीच्या तोंडासमोर उभी राहून पोटभर हसत होती. दर वेळची गंमतच ही, असं तिला वाटलं होतं.

आनंदरावांनी नळी खाली केली. मग खाली बसले. काडतुसं काढायला लागले. एक घरंगळत कोठीखाली गेलं. त्यामागून ते रांगत गेले आणि हात लांब करून त्यांनी ते काढलं. तेव्हा कुठे रुखमाबाईंचं हसू थांबलं.

"भरलेली होती का गा?"

आनंदरावांनी मान हलवली.

रुखमाबाईंनी हातातली काठी भिंतीला लावली. "समोरून किती कवाड वाजवलं मी. नावानं हाका मारल्या. मनलं, झोपला असन. मंग सांदवाडीतून आली. फटीतून काठी घातली अन् कडी उचलली, लहानपणी आपण उचलत होतो तशी. पोहे आणले होते नव्या धानाचे, ते कोठीवर ठेवत होती."

ही युक्ती या घरात जन्मलेल्या दोघांनाच ठाऊक होती. आनंदराव ती विसरले होते. दाराला हात लावून पाहिलं तेव्हाही आठवली नव्हती.

रुखमाबाईंनीच चूल पेटवली, चहा ठेवला. बंदूक कपाटात गेली, काडतुसं ट्रंकेत गेली. मग आनंदराव स्वयंपाकघरात येऊन बहिणीसमोर उभे राहिले.

"बाई, तू मधल्या खोलीत जाय. तिथून माह्या नावानं हाक मार. तीनडाव."

"कायले?"

"मार न वो."

ती गेली. आनंदराव भिंतीकडे तोंड करून दिनदर्शिकेकडे बघत राहिले. चहा उकळून वर आला, तो त्यांनी पाहिला आणि भांडं उतरवून ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यांच्या खांद्यावर हात पडला. वळून पाहिलं तर बहिणीचे डोळे भरलेले होते.

"मारल्या?" त्यांनी विचारलं.

"पाच डाव मारल्या," ती त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मी नाई सांगत गा कोणाले. लीलालेबी नाई."

आनंदरावांनी चहा घेतला. भाऊ-बहीण कपाळाला कपाळ लावून रडतात तसं काही झालं नाही, पण रुखमाबाईंनी आपल्या कपातला अर्धा चहा त्यांच्या बशीत ओतला, लहानपणी ओतायची तसा.

संध्याकाळी गल्ली परत आली. गुलालानं माखलेली, हातात पिपाण्या, फुगे, उसाची कांडकी. मारोतराव म्हणाला, "काका होते मनून निवांत मंडई पाहिली जी." आनंदरावांनी एकेक किल्ली ज्याची त्याला दिली. मान वर करून त्यांना कोणाकडे पाहवलं नाही. सगळे गेल्यावर त्यांनी लीलाबाईंना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. काहीही न वगळता, डॉक्टरला खोटं सांगितलं तेही.

लीलाबाई म्हणाल्या, "दोन वर्षं झाली मले माईत हाये. तुमी कधी मनता याची वाट पाहून राहिली होती."

सोमवारी ते इस्त्रीचा सदरा घालून बंदूक घेऊन ठाण्यात गेले. हवालदार पुंडलिकराव ओळखीचे. निवडणूक नसताना आनंदराव कसे आले, याचंच त्यांना नवल.

"कायमची जमा करून राहिलो जी. लायसन परत. इथून कलेक्टर हापिसात जातो."

पुंडलिकरावांनी अर्ज वाचला, आणि वर बघून म्हणाले, "कारण नाई लिवलं. वयोमानामुळं, असं लिवू ना?"

"नाई. आयकू येत नाई मनून, असं लिवा."

"अशी गोष्ट कोन कागदावर लिवते काका? अन् मशीन भेटते ना आता कानाची. मशीन लावा, बंदूक ठेवा."

"मशीन अश्विन आणूनच राहिला. पर झोपताना ते काढून ठेवा लागते. चोर काय मशीन लावल्यावर येईन का?" आनंदराव थांबले. "अन् चोर येवो न येवो. घरचं माणूस त येतेच. ज्याले उत्तर आयकू येत नाई, त्यानं सवाल कायले विचारा जी?"

पुंडलिकरावांनी सांगितलं तसं लिहिलं. बंदुकीचा नंबर उतरवून घेतला. आनंदरावांनी जाताना तिच्या दस्त्यावरून एकदा हात फिरवला, तिथलं लाकूड त्यांच्याच हातानं गुळगुळीत झालेलं होतं. पावती घडी करून खिशात ठेवली. घरी येऊन करदोड्याची किल्ली सोडून रिकाम्या कपाटाला लावून टाकली. अंघोळीच्या वेळी कमरेला ती लागेना, तेव्हा त्यांना फार एकटं वाटलं. कोणी मेल्यासारखं.

आठ-दहा दिवस ते घरातून फारसे निघाले नाहीत. गावात बातमी फिरली होती, हे लोकांच्या तोंडाकडे पाहून कळत होतं.

एके सकाळी समोरच्या दाराची कडी हलताना त्यांना दिसली. सवय ती सवय. तोंडातून निघून गेलंच, "थम! कौन आता है?" मग उत्तराची वाट न पाहता ते उठले आणि त्यांनी दार उघडलं.

मारोतराव. मागं बायको, हातात पिशव्या. कुठंतरी लग्नाला निघालेले. मारोतरावचे ओठ हलले.

"जोऱ्यानं बोल गा," आनंदराव म्हणाले. "कान गेले माहे."

हे गल्लीतल्या माणसाला ते पहिल्यांदाच बोलले. मारोतराव जवळ आला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "दोन दिवस बाहेर जाऊन राहिलो जी! किल्ली ठेवाले आलो!"

"बंदूक नाई राहिली आता माह्याजवळ."

"माईत हाये ना! मंग? आमी काय किल्ली बंदुकीच्या गळ्यात बांधत होतो का?"

त्यानं किल्ली पुढं केली. आनंदरावांनी ती घेतली. पिशव्या सावरत दोघं फाट्याच्या वळणाआड जाईपर्यंत ते दारात उभे राहिले, मग आत आले, सदरा वर केला आणि मारोतरावच्या घरची किल्ली करदोड्याला गाठ मारून बांधली.