मुंजोबाची तहान

"आवं, ह्यो दगड म्याच ठिवलाय! शेंदूरबी म्याच फासलाय!" आश्रुबा मिस्त्री पिंपळाखाली उभा राहून घसा फोडून सांगत होता.

कोण ऐकतंय? उलट आमच्यासंगं कापूस निवडणाऱ्या तानुबाईनंच त्याला झाडलं, "जीभ झडंल, मिस्त्री! देवाला दगड म्हणतूस?"

खरं तर दगड त्यानंच ठिवला होता. निजामाचा अंमल होता तवाची गोष्ट. मानवतच्या आमच्या जीनमधी कापसातली सरकी काढायच्या मशीनला हैद्राबादेवरनं बिजलीची मोटार आली. मिस्त्रीनं पिंपळाखाली खोल खड्डा खांदून तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा-मीठ भरलं आन तिथून तार मशीनच्या लोखंडाला जोडली. म्हणला, "बिजली लोखंडात उतरलीच, तर ह्या वाटंनं जमिनीत जाईल, मानसात न्हाई. पन खड्डा वला पायजे."

मेले लोक तिथंच थुंकायचे, शेळ्या बांधायचे. म्हणून ह्या शहाण्यानं शेंदराचा दगड ठिवला. झालं, मुंजोबा परगटला! आमी बाया येता-जाता तांब्या वतायचो, खड्डा आपसुक वला राहायचा. मिस्त्री मिशीत हसायचा.

मग एका साली मालकिणीला, नर्मदाबाईला, नातू झाला. नवस फेडायला तिनं दगडाखाली चुन्याचा चांगला उताराचा ओटा बांधला. पाणी दगडावरनं घसरून नालीत जायला लागलं आन खालचा खड्डा ठणठणीत कोरडा पडला. ऊन तर असं, का काळ्या रानात पाय अडकावा अशा भेगा.

मिस्त्री अधनंमधनं बिजलीच्या आन खड्ड्याच्या तारेमधी दिवा जोडून बघायचा. दिवा लख्ख पेटला तर वाट धड. ह्या खेपेला तो इझत्या बिडीवानी नुसता लाल झाला. मिस्त्रीचं तोंडच उतरलं. मालकाकडं पळाला, तर मालक म्हणला, "कापसाच्या गाड्या दारात उभ्या हायत. मशीन बंद व्हायची न्हाई. आन देवाच्या ओट्याला हात लावशील तर बग." म्हणूनच मिस्त्री पिंपळाखाली घसा फोडत होता.

मशीनवर अंगद होता, कासाबाईचा एकुलता एक. अनवाणी, घामानं निथळलेला, दिवसभर लोखंडाला हात लावून. कासाबाई माझ्या शेजारीच कापूस निवडायची. तिनं मिस्त्रीला गाठलं.

"माज्या लेकराचं काय व्हईल, दादा?"

मिस्त्री खाली बघत म्हणला, "मोटारीच्या तारंवरचं कापड झिजलंय, माय. बिजली लोखंडात उतरली अन् वाट घावली न्हाई, तर ती अंगदच्या अंगातनंच जाईल."

कासाबाईनं त्या दिवशी भाकरीला हात लावला न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमी जेवायलो होतो, तवा ती ओट्याजवळ गेली. अंबाडा सोडला आन घुमायला लागली. "हूं! हूं! तहानलो! डोस्क्यावर पाणी वतायलात आन पाय माजे कोरडे? ओटा फोडा!"

सगळे आडवे पडले. मालकीण नाक घासत म्हणली, "चुकलं देवा!" लगेच कुदळी आल्या, ओटा फुटला, घागरींमागं घागरी रिचवल्या. सांजच्याला मिस्त्रीचा दिवा लख्ख पेटला. कासाबाईला सावरायला मी गेले होते. तिनं माजा हात असा आवळला, का मला सगळं कळलं. मी कुणाला बोलले न्हाई.

आठवडाबी सरला नसंल. मोटारीत फाटकन् आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आन मशीन थांबली. अंगदचे दोन्ही हात लोखंडावर होते. पोरगं आ वासून उभं, पन जित्तं! मिस्त्री खड्ड्याच्या तारेकडं बघून म्हणला, "गेली, वाटंनं गेली!"

मालकीण रडत धावत आली. "मुंजोबानं वाचवलं गं बाई! आता चुन्याचा न्हाई, शहाबादी फरशीचा ओटा बांधते. उद्याच गवंडी बोलावते!"

"न्हाई वो मालकीण," मिस्त्री हात जोडून म्हणला, पन जयजयकारात त्याचं ऐकतंय कोण?

अंगदच सगळ्यांच्या म्होरं झाला. दगडापुढं डोकं टेकलं आन म्हणला, "फरशी मी वाहीन, मालकीण. माज्या हातानं बशिवतो."

कासाबाईनं लेकाकडं बघितलं. मग पदर कमरंला खोवला आन परत अंबाड्याला हात घातला.