नाव, गाव वगळून

अंगठा. निळ्या गोलातला, इवलासा, कुणीही कशाखालीही उमटवावा तसा — आणि शेजारी नाव, व्यंकट. शिवप्रियाने मोबाइल बंद केला, पुन्हा चालू केला. अंगठा जागचा हलला नव्हता. व्यंकट म्हणजे जळकोटच्या खून खटल्यातल्या आरोपीचा भाऊ. दर तारखेला कोर्टाच्या दारात उभा राहून सगळ्यांना हसून नमस्कार करणारा... त्याला तिचा लेख आवडला होता.

कोर्टातल्या बातम्या दर सोमवारी ऑफिसच्या फेसबुक पानावर टाकायच्या आणि खाली ऑफिसात शिकायला येणाऱ्या कायद्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या नावानिशी भाष्य लिहायचं, हा वकील कल्याणप्पा सरांचा शिरस्ता. या वेळी पाळी तिची होती. विषय, घाबरलेला साक्षीदार. ऑफिस फिर्यादीच्या बाजूचं. खून डोळ्यांनी पाहिलेल्या धुरपताबाईंना सरांनी लेकीकडे, येडशीला, गुपचूप हलवलं होतं. उद्या साक्ष होईपर्यंत पत्ता कुणाला कळू द्यायचा नव्हता. आणि तिने कुठे कळू दिला होता? नाव गाळलं, गाव गाळलं, दोनदा तपासलं. फक्त परवा बाईंना भेटून आल्यावर सुचलेलं एक वाक्य राहू दिलं, कारण ते फार सुरेख उतरलं होतं — पत्र्यावर माकडं नाचतात, मागून रेल्वे जाते, आणि शेजारची पिठाची गिरणी थांबली की ही बाई दचकून दाराकडे बघते... सरांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. "याला म्हणतात लिहिणं!" आणि ती लाजली होती, मेली, लाजली होती! येडशीच्या रामलिंगाच्या देवळाची माकडं आणि रेल्वे. या जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल गाव कुठलं ते.

काचेपलीकडे सर कुणाशी तरी हसत बोलत होते. उठावं, सांगून टाकावं. अर्ध्या तासात पोलीस पोचतील. पण मग ते कौतुक, तो आवाज, पुन्हा आपल्या वाट्याला... आणि नुसता अंगठाच तर आहे. सगळ्यांना नमस्कार करतो, तसा अंगठाही देत असेल. सरांच्या तरी कुठे लक्षात आलं? जेवण झाल्यावर सांगू.

फोन हातातच वाजला. धुरपताबाई.

"पोरी, गिरणीवर एक जण बसला व्हता. दळण कवाच झालं, तरी उठंना. आता दारात आलाय बग."

"कोण आहे, मावशी? ओळखीचा?"

"न्हाय. पर लई गोड बोलतोय. साक्ष आजच हाय म्हणतो, वकीलबाईनं गाडी घिऊन पाठवलंय म्हणतो. तूच पाठवलंय न्हवं? निगू का म्या?"

"नको! कडी लावा!" ती ओरडली, बहुधा ओरडलीच, कारण सरांचं हसू थांबलं आणि ते खुर्चीवरून उठले. फोनमध्ये नुसती खरखर होती. कडीचा आवाज येईना.

"पर मग हा तुजं नाव कसं सांगतोय?" बाईंनी विचारलं, अगदी साधेपणाने.

खोटं बोलतोय तो, मावशी — एवढंच म्हणायचं होतं. पण तो खोटं बोलत नव्हता. मीच पाठवलं होतं त्याला.