हजार यार्डांवरची तबकडी आणि तीन अ‍ॅप

व्हर्ना टॉलेसननं तीस वर्षं ऑरेगनच्या किनाऱ्यावर, अ‍ॅस्टोरिया गावात, बेकरी चालवली. साठी उलटल्यावर ती बेकरी विकून धाकट्या भावाजवळ वायोमिंगला, माहेरच्या माळावर राहायला आली. सोबत दोनच गोष्टी जपून आणल्या, पावाचं आंबवण आणि रायफल. आंबवणानं पहिल्याच आठवड्यात दगा दिला. पाव नको इतका फुगला आणि भट्टीत गेल्यावर खचून बसला. रायफलीचं काय होतंय ते अजून कळायचं होतं.

कारण येत्या शनिवारी मार्टिन एचेव्हेरीच्या मेंढवाड्यावर जोडीची स्पर्धा होती. एकानं नेम धरायचा, दुसऱ्यानं दुर्बिणीतून बघून सांगायचं, आणि लोखंडी तबकड्या वाजवायच्या. व्हर्ना आणि रॉइस, दोघं भावंडं मिळून, आयुष्यात पहिल्यांदाच उतरणार होती.

"हे बघ," रॉइस स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन आपटत म्हणाला, "मी विकत घेतलंय हे अ‍ॅप. लांबच्या तबकडीसाठी नेम किती वर धरायचा ते हे सांगतं. सगळे चांगले नेमबाज हेच वापरतात."

"तुला कोणी सांगितलं?"

"विकणाऱ्यानं."

व्हर्ना हसून हसून बेजार झाली. तिनं स्वतः एक फुकटातलं अ‍ॅप उतरवून घेतलं होतं. तिसरं तिच्या मुलीनं, डेन्व्हरच्या कॉलीननं, फोनवरून बोलत बोलत बसवून दिलं होतं. कॉलीन हिशेबनीस. जन्मात बंदूक हातात धरलेली नाही, पण सूचना मात्र पानभर वाचते.

तिन्ही अ‍ॅपमध्ये गोळीचं वजन, वेग, रायफलीवरच्या दुर्बिणीची उंची सगळं सारखंच भरलं. हवेचा दाब रॉइसनं टीव्हीवरच्या बातम्यांतून घेतला, पाऱ्याचे तीस इंच. तोच त्यानं स्वतःच्या आणि व्हर्नाच्या अ‍ॅपमध्ये टाकला. कॉलीनचं अ‍ॅप दाब विचारेचना. ते फोनमधल्या दाबमापकाकडूनच परस्पर काढून घेत होतं.

गोळी वाटेत खाली पडत जाते, तेव्हा हजार यार्डांसाठी रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती किती वर फिरवायची? रॉइसचं अ‍ॅप म्हणालं, आठ पूर्णांक आठ. व्हर्नाचंही आठ पूर्णांक आठ. कॉलीनचं म्हणालं, सात पूर्णांक सहा.

व्हर्नानं आपली जुनी वही उघडली. अ‍ॅस्टोरियाच्या मैदानावर, याच रायफलीनं, याच गोळीनं तिनं स्वतः लिहून ठेवलेला आकडा होता, आठ पूर्णांक आठ.

"झालं की!" रॉइसनं टाळी दिली. "तिघांनी एकमुखानं साक्ष दिली. तुझ्या लेकीचं अ‍ॅप काढून टाक."

व्हर्नालाही पटलं. स्वतःच्या हस्ताक्षरावर कोण अविश्वास दाखवील?

गुरुवारी सकाळी ती दोघं कुरणाच्या टोकाला गेली. पलीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी रॉइसनं पांढरी रंगवलेली तबकडी टांगली होती. वारा जवळजवळ नव्हताच. व्हर्ना पोटावर आडवी झाली, चकती आठ पूर्णांक आठवर आणली, श्वास सोडला आणि चाप ओढला.

तबकडी मुकाट लटकत राहिली. बऱ्याच वर, टेकडीच्या उतारावर, धुळीचं इवलंसं फूल उमललं.

"मीटरभर वर," दुर्बिणीला डोळा लावलेला रॉइस म्हणाला. "तुझा हात हलला असेल."

"माझा हात? तीस वर्षं केकवर नावं लिहिलीत या हातानं."

दुसरी गोळीही तिथंच. तिसरीही. तिन्ही धुळीची फुलं एका परातीत मावतील इतकी जवळजवळ.

व्हर्ना उठून बसली. हात हलला असता तर गोळ्या विखुरल्या असत्या. चुकतोय तो आकडा. आणि हा आकडा तर अ‍ॅस्टोरियाचा. समुद्राकाठचा!

"रॉइस, टीव्हीवाल्यांनी दाब किती सांगितला म्हणालास?"

"तीस."

"माझ्या बेकरीतल्या भिंतीवरच्या दाबाच्या यंत्रातही तीसच असायचा. मग इथली हवा तिथल्याएवढीच जड असेल, तर माझा पाव का बसला?"

"पावाचा इथं काय संबंध?" रॉइस म्हणाला.

"अरे, आपण सात हजार फुटांवर आहोत. टीव्हीवाले सगळ्या गावांचा दाब समुद्रकाठी आणून बसवतात आणि मग सांगतात, म्हणजे गावागावांची तुलना करता येते. ढग-पावसाला ठीक आहे, पण गोळीला समुद्राशी काय घेणं? तिला इथलीच विरळ हवा कापायचीय. कमी अडते, म्हणून कमी पडते. पावावरही ह्या हवेचा दाब कमी, म्हणून तो नको इतका फुगून बसला." तिनं अजून काढायचं राहिलेलं कॉलीनचं अ‍ॅप उघडलं. दाबाच्या रकान्यात आकडा होता, तेवीस.

"म्हणजे ती हिशेबनीस..." रॉइस पुटपुटला.

"तू फक्त बघ."

सात पूर्णांक सहा. चाप. एक, दोन, तीन, चार. मग टेकडीकडून मंदिरातल्या घंटेसारखा तो आवाज आला, टण्ण! रॉइसनं दुर्बीण सोडून आपली टोपी आकाशात भिरकावली. ती शेणात पडली, तरी त्यानं तशीच उचलून घातली.

त्यांनी उरलेल्या दोन्ही अ‍ॅपमध्ये तेवीस भरले. दोघांनीही मुकाट्यानं सात पूर्णांक सहा सांगितलं. म्हणजे गणित सगळ्यांचं चोख. खोटा होता तो त्यांना भरवलेला दाबाचा आकडा.

"मग आता निवडायचं कुठलं?" रॉइस म्हणाला. "अर्थात माझं."

"एचेव्हेरीच्या खोऱ्यात फोनला रेंज नसते. बघू कोण टिकतं."

फोनचं नेटवर्क बंद केलं. रॉइसच्या विकतच्या अ‍ॅपनं आधी नाव आणि पासवर्ड मागितला, मग नुसतं गोल गोल चक्र फिरवत बसलं. रॉइसचा चेहरा उतरला. कॉलीनचं चाललं, पण त्यातली अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. चष्म्यावर चष्मा लावावा लागला असता. व्हर्नाच्या फुकटच्या अ‍ॅपमध्ये आकडे मात्र विटेएवढे ठसठशीत, आणि हातमोजा घालूनही बटणं दाबली जात होती. दाब तेवढा हातानं भरावा लागे. बाकी दोष एकच, मधूनच कुत्र्याच्या खाण्याची जाहिरात यायची.

"नेटवर्क नाही तिथं जाहिरात कुठून येणार?" व्हर्ना म्हणाली, आणि दोघंही गवतात लोळून हसली.

शनिवारी खोऱ्यात अकरा जोड्या जमल्या होत्या. मार्टिननं मेंढीच्या मटणाचा रस्सा सकाळपासूनच चुलीवर ठेवलेला, त्यामुळे नेम धरतानाही लोकांची नाकं त्याच दिशेला. दुपारी वारा उठला. व्हर्ना दोन तबकड्यांवर सपशेल चुकली. एकदा रॉइसनं डावीकडं म्हणायच्या जागी उजवीकडं सांगितलं. "बाळा, जेवतोस कुठल्या हातानं ते आठव!" असं ती सगळ्यांसमोर ओरडली.

शेवटची तबकडी अकराशे ऐंशी यार्डांवर, खडकाच्या सावलीत. दिवसभरात फक्त दोन जोड्यांनी वाजवली होती. व्हर्नानं कालच विकत आणलेल्या, खिशातल्या छोट्या यंत्रावर दाब बघितला, अ‍ॅपमध्ये भरला आणि आकडा मोठ्यानं वाचला. रॉइसनं गवताकडं बघून वारा सांगितला. या खेपेला बरोब्बर. तिनं चाप ओढला, आणि तिला वाटलं, गोळी गेली ती परतायची विसरलीच की काय. मग हलकीशी, दुरून आलेली, पण अगदी स्वच्छ टण्ण!

"वाजली रे!" मार्टिन हातातल्या रश्श्याच्या डावासकट नाचायला लागला. रॉइसनं बहिणीला उठवण्याच्या नादात दुर्बिणीची तिवई पाडली.

त्यांचा चौथा नंबर आला. बक्षीस पहिल्या तीन जोड्यांनाच होतं, पण मार्टिननं व्हर्नाच्या ताटलीत रस्सा दोनदा वाढला. तोंडभर पाव चावत एक दाढीवाला विचारायला आला, "बाई, तो हवेच्या दाबाचा काय प्रकार आहे म्हणे? माझ्या गोळ्या दोन वर्षं वरून जातायत."

व्हर्नानं बाकावर त्याला जागा करून दिली. तिकडं रॉइस वसंतातल्या स्पर्धेच्या यादीत नावं लिहीत होता, बहिणीचं आधी आणि स्वतःचं खाली, जरा बारीक अक्षरात.